माळ्यावरच्या बाटल्या

दिवाळीच्या आधी आपण सगळ्याच जणी माळा काढतो. वर्षभर न लागणारी भांडी खाली येतात, चिंचेने घासली जातात आणि परत वर जातात. २०१६ सालच्या दिवाळीत मी अशीच स्टुलावर चढले होते. पितळी घंगाळाच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. ओढलं तर खळखळ आवाज झाला. खोकल्याच्या औषधाच्या लहान बाटल्या. सगळ्या रिकाम्या, सगळ्या एकाच लेबलच्या. मी बसून मोजल्या. एकेचाळीस भरल्या.

आमच्या घरी खोकला कुणाला होता? दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत धाकट्या भाऊजींना झाला होता खरा, चांगला तीन आठवडे हटला नव्हता. पण एकेचाळीस बाटल्यांचा खोकला? भाऊजींना विचारलं, तर हसून म्हणाले, "अहो वहिनी, मित्राच्या दुकानातल्या आहेत, भंगारात द्यायच्या राहून गेल्या." मला ते पटलं नाही. तरी मी त्या बाटल्या दोन खेपेत भंगारवाल्याला दिल्या. एकदम दिल्या असत्या तर सासूबाईंच्या डोळ्यांवर आल्या असत्या म्हणून. ह्यांनाही बोलले नाही. सणासुदीला घरात कटकट नको, असा माझा शहाणपणा!

पुढच्याच वर्षी भाऊजींसाठी मुली बघायला सुरुवात झाली. एका मुलीच्या घरी आम्ही पोहे खाल्ले, आणि मी कपबश्या ठेवायला आत गेले तेव्हा मुलीच्या आईने हळूच विचारलं, "मुलाला काही व्यसनबिसन नाही ना हो?" आपल्यापैकी कितीजणींना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारला असेल! मी पटकन म्हणाले, "छे हो! आमचे भाऊजी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत." शब्दशः खरं होतं ते. ती मुलगी आज माझी धाकटी जाऊ आहे. हा लेख मी तिला विचारून, तिच्यासमोर बसून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई, पण तुम्ही ओट्याजवळ काय बोललात तेही लिहा." ते आधी लिहून टाकलं.

आता त्या बाटल्यांत होतं काय, ते सांगते. मी शाळेत अर्धवेळ इतिहास आणि मराठी शिकवते. औषधांचं मला काही कळत नव्हतं. पुढे गरज पडली तेव्हा डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते हे.

खोकल्याच्या काही औषधांत (सगळ्या नव्हे बरं का!) कोडीन नावाचं द्रव्य असतं. ते अफूच्या कुळातलं. खसखशीच्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो ती अफू. अफूतून मॉर्फीन निघतं, कोडीनही निघतं. मॉर्फीनवर प्रक्रिया केली की हेरॉइन होतं आणि त्याचाच अशुद्ध, तपकिरी प्रकार म्हणजे ब्राऊन शुगर, ज्याला आपल्याकडे 'गर्द' म्हणतात. कोडीन पोटात गेलं की यकृत त्यातल्या काही भागाचं मॉर्फीन करतं. म्हणजे ज्या गर्दच्या नावाने आपण दचकतो, त्याचं चुलत भावंड साखरेच्या पाकात घालून आपल्या फळीवर बसलेलं असू शकतं.

आणि इतिहासाच्या बाईला गंमत वाटावी अशी गोष्ट अशी, की हेरॉइनसुद्धा मुळात खोकल्याचं औषधच होतं! १८७४ साली लंडनमध्ये राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केलं आणि १८९८ पासून जर्मनीतल्या बायर कंपनीने 'हेरॉइन' हे नाव देऊन ते खोकल्यावर विकलं. मॉर्फीनसारखी याची सवय लागत नाही, असाच त्या वेळी समज होता. सवय लागते हे उघड व्हायला पुढे फार वर्षं लागली नाहीत. आपल्या मुंबईचं तरी काय? माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मोठमोठी घराणी उभी राहिली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची बारीकशी गोळी चाटवून निजवत. बिचाऱ्या काय करणार? दिवसभर मूल कुणाकडे ठेवणार? सांगायचा मुद्दा एवढाच, की नशेची वस्तू दर वेळी काळ्या कोटातला गुंड घेऊन येत नाही. पुष्कळदा ती औषध म्हणून, घरातल्याच मायेच्या हाताने येते.

मग ती सुटत का नाही? आमच्या घरात हा प्रश्न हजार वेळा विचारला गेला. ह्यांनी विचारला, मामंजींनी काठी आपटून विचारला, जावेने रडून विचारला. "मनात आणलं तर एका दिवसात सुटेल," असं आपण किती सहज म्हणतो!

डॉक्टरांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. वेदना कमी करणारी, मनाला निवांत करणारी द्रव्यं आपलं शरीर स्वतः तयार करतं. एंडॉर्फिन म्हणतात त्यांना. घरचीच अफू म्हणा ना! बाहेरून रोज आयती अफू मिळायला लागली की ही घरची व्यवस्था मंदावते आणि मेंदूही त्या द्रव्याला पहिल्यासारखी दाद देत नाही. आपण धुण्याभांड्याला बाई लावतो, वर्षभरात आपली सवय मोडते, आणि मग बाई चार दिवस आली नाही की मोरीत डोंगर साचतो, तसंच काहीसं. शिवाय पूर्वी एका बाटलीत जे व्हायचं त्याला दोन लागतात, मग चार. शेवटी शेवटी तर माणूस मजेसाठी घेतच नाही. साधं उठून दात घासता यावेत, कामावर जाता यावं, म्हणून घेतो. भाऊजी एकदा म्हणाले, "वहिनी, मला नशा होऊन तीन वर्षं झाली. मी फक्त आजारी पडू नये म्हणून पितो."

हे आजारपण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गर्द घेणारी मुलं त्याला 'टर्की' म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब, आणि झोप नावाला नाही. अफूने शरीराचं जे जे बांधलं जातं ते ते उलट सुटतं. अफू बद्धकोष्ठ करते, म्हणून बंद केल्यावर जुलाब. अफू खोकला आणि वाहणं थांबवते, म्हणून बंद केल्यावर नाक वाहतं. आम्ही मात्र समजत होतो की भाऊजींना वारंवार 'हवाबदलाची सर्दी' होते. मी त्यांना गवती चहाचा काढा करून देत होते!

२०१८ मध्ये बिंग फुटलं. जावेचं मंगळसूत्र पॉलिशला दिलंय असं भाऊजी सांगत होते, ते सोनाराकडे गहाण असल्याचं कळलं. बाटल्यांबरोबर आता गोळ्याही आल्या होत्या. घरात जे व्हायचं ते झालं. पण सगळ्यांत आधी बोल कुणाला लागला असेल? जावेला! "लग्नाआधी असा नव्हता हो," असं आमच्या चुलत सासूबाई चारचौघींत म्हणाल्या. "बायकोनं जरा धाक ठेवायला नको?" ती पोर माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी माळ्यावरच्या बाटल्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. ती सांगायला मला दोन वर्षं लागली होती.

'लग्न करून द्या, अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल,' हे आपल्या समाजातलं जुनं औषध आहे, आणि ते कुणाच्या तरी मुलीला पाजलं जातं. व्यसन हा मेंदूशी जडलेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो आजारांच्या यादीत घातलेला आहे. मधुमेहावर कुणी लग्न हा उपाय सांगत नाही. आणि बायको चांगली निघाली म्हणून व्यसन सुटत नाही, तसंच ती वाईट आहे म्हणून लागतही नाही.

लपवण्याबद्दल मात्र आपल्याशी मोकळेपणी बोलायला हवं, कारण ते काम घरात बायकाच करतात. कामावर फोन करून "त्यांना ताप आहे" कोण सांगतं? वाण्याची, मित्राची उधारी भिशीच्या पैशांतून कोण भागवतं? सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून रात्री दार न वाजवता कोण उघडून देतं? मी यातलं सगळं केलं. मला वाटायचं मी घर सावरते आहे. पण प्रत्येक वेळी भाऊजींच्या व्यसनाचे चटके मी माझ्या हातावर घेत होते, आणि त्यांना स्वतःला ते बसतच नव्हते. ज्या माणसाला काहीच सोसावं लागत नाही, तो उपचार कशाला मागेल?

गर्दची साथ मुंबई-पुण्यात पसरली १९८० नंतरच्या वर्षांत. त्या वेळी डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैशाचं पाठबळ दिलं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. मुक्तांगणची खरी घडण त्यांची. १९९७ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या, तरी काम चालू राहिलं, आणि पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते होतात, आणि पत्नींना बोलावून त्यांच्याशीही बोलतात. हे मुद्दाम सांगते, कारण 'वेड्यांच्या इस्पितळात टाकणार' या धास्तीने पुष्कळ घरं अशा केंद्राची पायरीच चढत नाहीत.

आम्ही भाऊजींना आमच्या जिल्ह्याच्या गावी केंद्रात नेलं. मार्च २०१९. तिथल्या समुपदेशक बाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी आम्हा घरच्यांना ओळीने बसवलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला व्यसन?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, नाही म्हणून. ह्यांना फक्त चहा, मामंजींना तेवढंही नाही. बाई थांबल्या. मग सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून मशेरीची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "हे धरता काय?"

मशेरी, कुणी मिसरी म्हणतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. आमच्याकडे त्यासाठी वेगळा तवा आहे, मागच्या पडवीत. 'दात घासायची पावडर' असंच तिचं नाव घरात, त्यामुळे ती व्यसनात मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून दिवसातून चार वेळा मशेरी लावत होत्या. माझ्या पहिल्या खेपेला दाढ दुखत होती, तेव्हा त्यांनीच मायेने माझ्याही बोटावर ठेवली होती. मला गरगरलं, म्हणून मी पुढे लावली नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा. नंतर वाचलं की मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांची पाहणी झाली होती आणि २००४ मध्ये ती छापून आली. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. त्यातल्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या. मुदतीआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला.

तर त्या बाई सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, मुलगा पस्तीस दिवस सोडणार आहे. तुम्ही किती दिवस सोडता बघू." सासूबाई ईरेला पेटल्या. डबी त्यांनी तिथेच ठेवली.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळी डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी परसाकडला झालं नाही, कारण मशेरीतलं निकोटीन आतड्यांना हलवतं आणि चाळीस वर्षांची ती सवय. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून मला अशा बोलल्या की बारा वर्षांत बोलल्या नव्हत्या. रात्री मी उठले तर त्या अंधारात पडवीत उभ्या. त्या तव्याला बोट लावून बघत होत्या. मला पाहून चपापल्या. म्हणाल्या, "अगं, कोळिष्टकं झालीत का बघत होते."

रविवारी भेटीला गेलो. एरवी आम्ही भाऊजींना उपदेश करायचो. त्या दिवशी सासूबाई त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "कसं रे सोसतोस?" भाऊजी एकदम लहान मुलासारखे रडले. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी नवव्या दिवशी पुन्हा मशेरी लावली, हेही सांगते. पण त्यानंतर 'मनात आणलं तर सुटेल' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही.

आता काही गोष्टी, ज्या मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारू आणि झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम तोडू नयेत. आपल्याला वाटतं, कोंडून ठेवलं की झालं. कोडीन-गर्द एकदम बंद झालं तर हाल कुत्रं खात नाही, पण धडधाकट माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भास होतात, उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली, तेव्हा आमच्या पलीकडच्या आळीतल्या एका गृहस्थांना असंच झालं. भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, मग आकडी. घरचे देवऋष्याकडे न्यायला निघाले होते. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवाव्या लागतात. आणि मैत्रिणींनो, या गोळ्या घेणाऱ्यांत आपण बायका पुष्कळ आहोत! दहा दिवसांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी आपण दोन-दोन वर्षं चालवतो. 'मला त्याशिवाय झोपच लागत नाही,' हे आपण अगदी सहज सांगतो, आणि भाऊजींचं वाक्य यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

दुसरं, चहातून गुपचूप द्यायची पावडर. 'त्यांच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात कुणी वाचली नाही? अशा पुड्यांत काय असतं ते विकणारालाच ठाऊक. पण दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाची एक गोळी वापरतात. तिच्यावर दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून ती पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासणी करूनच द्यायची असते. नकळत दिली आणि माणूस बाहेर जाऊन प्याला, तर जिवाशी गाठ आहे. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी एका ओळखीच्याकडून अशीच पुडी आणली होती. मी ती त्यांच्याकडून मागून घेतली आणि मोरीत ओतली. त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नाही बोलल्या तर नाही.

घरातलं औषधाचं कपाट एकदा बघाच. ज्या औषधांची सवय लागू शकते अशा पुष्कळ औषधांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत सूचना छापलेली असते. २०१४ पासून कोडीन, झोपेच्या कित्येक गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांना हा 'एच-१' नियम लागू आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विकताना दुकानदाराने वहीत नोंद करायची, असा कायदा आहे. पाळला किती जातो हे आमच्या माळ्याने पाहिलंच! उरलेल्या गोळ्या 'पुन्हा लागतील' म्हणून डब्यात साठवू नका, आणि शेजारणीला तर देऊ नकाच.

मुलांच्या बाबतीत मला शिक्षिका म्हणून जास्त काळजी वाटते ती हुंगायच्या वस्तूंची. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून केलेली देशभराची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाण दिसलं ते फक्त याच एका नशेचं. ही स्वस्त, दुकानात राजरोस मिळते, आणि पहिल्याच खेपेत हृदय बंद पडून मूल गेल्याचीही उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. रुमालाला किंवा शर्टाच्या बाहीला रंगाच्या दुकानासारखा वास येत असेल, नाकाओठांभोवती पुरळ असेल, तर 'शाळेत प्रोजेक्ट होतं' यावर विसंबू नका. पण एकदम खिसे तपासून, चारचौघांत थोबाडीत मारूही नका. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी तसं मारलं, आणि तो तीन दिवस घरीच आला नाही.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच वाटते. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि कडक आहे. पण त्यातच ६४-अ हे कलम आहे. जो व्यसनी स्वतः होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो आणि तो पुरा करतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आमच्या मामंजींना हे कळलं तेव्हाच ते केंद्रात यायला तयार झाले. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन आहे. घरच्यांनी केला तरी चालतो.

भाऊजी पस्तीस दिवसांनी घरी आले. आम्ही ओवाळलं. जाऊ मात्र ओवाळायला पुढे आली नाही. तिला कुणी आग्रह केला नाही हे चांगलं झालं. ती सहा महिने माहेरी राहून-येऊन होती. गहाण ठेवलेलं मंगळसूत्र भाऊजींनी स्वतःच्या पगारातून सोडवलं. आम्ही कुणी पैसे दिले नाहीत, कारण समुपदेशक बाईंनी तसं बजावलं होतं.

अकराव्या महिन्यात ते घसरले. हा भाग लिहिताना अजून हात थांबतो. त्या दिवशी घरात आम्ही दोघी जावाच होतो. भाऊजी दुपारी येऊन झोपले. जाऊ हाक मारायला गेली आणि तिथूनच ओरडली. ओठ निळसर झाले होते, श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये मी पाच-सहा आकडे मोजले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. १०८ ला फोन केला. जावेने त्यांना कुशीवर वळवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्यांच्या गालावर मारत, नाव घेऊन हाका मारत होती. मी तिच्या तोंडून भाऊजींचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, प्रमाण जुनंच घेतलं होतं. पण वर्षभरात शरीराची सवय मोडलेली. पूर्वी जेवढं पचत होतं तेवढंच आता श्वास थांबवायला पुरतं. बरा होऊन आलेला माणूस पुन्हा घेतो तेव्हा हा धोका सर्वांत मोठा असतो, आणि ही गोष्ट घरच्यांनाच माहीत नसते. 'झोपलाय, झोपू दे' असं म्हणून आम्ही दार लोटून घेतलं असतं तर! पूर्वी आम्ही तेच करत होतो.

केंद्रात परत नेलं तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याला बोलणी बसणार. बाईंनी फक्त वही उघडली आणि भाऊजींना विचारलं, "अकरा महिने कसे काढलेत ते आधी सांगा. मग त्या दिवशी काय झालं ते." मधुमेहवाल्याची साखर वाढली तर आपण औषध बदलतो, त्याला घराबाहेर काढत नाही, असंही त्या म्हणाल्या. या खेपेला डॉक्टरांनी त्यांना रोज जिभेखाली ठेवायची एक गोळी सुरू केली. ब्युप्रेनॉर्फिन तिचं नाव, आणि ती केंद्रातूनच, देखरेखीखाली मिळते. 'एक सोडून दुसरी नशा' अशी चुलत सासूबाईंची कुजबुज झालीच. पण त्या गोळीने भाऊजी वेळेवर कामाला जाऊ लागले, आणि दोन वर्षांत डॉक्टरांनीच ती हळूहळू उतरवली.

ही गोष्ट २०२० ची. तेव्हापासून ते घसरलेले नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी केंद्रातल्या सभेला जातात, आणि जाऊ बायकांच्या सभेला जाते. कधी कधी मीही जाते तिच्याबरोबर. गेल्या खेपेला एक अगदी नवी मुलगी आली होती, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. ती कुणाशी बोलेना. जाऊ तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला विचारलं, "तुझ्या घरी आधी कुणाला माहीत होतं?"